लायडन जारच्या गोष्टीत हाताचा उल्लेख हवा

प्रति,
माननीय संपादक,

विषय : विज्ञान पुरवणीतील ‘लायडन जार’वरील लेख

महोदय,

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत लायडन जारविषयी, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बाटलीविषयी, प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. स्थिर विद्युत साठवण्याचे माणसाच्या हाती आलेले हे पहिले भरवशाचे साधन, आणि त्यासाठी मराठी दैनिकाने एवढी जागा द्यावी, याचा भौतिकशास्त्र शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षे गेलेल्या माझ्यासारख्याला आनंद होणे साहजिक आहे. मात्र लेखातील तीन विधाने वाचून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक मुशेनब्रूक यांनी पाण्यात वीज साठवण्याची युक्ती शोधून काढली, हे पहिले विधान. लायडन जार ही जगातली पहिली बॅटरी होती, हे दुसरे. आणि हा प्रयोग मुलांनी घरच्या घरी करून पाहावा, असे सुचवताना दिलेली कृती, हे तिसरे. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट गाळली गेली आहे, ती म्हणजे बाटली बाहेरून धरणारा माणसाचा हात. तो हात गाळला की हा जार कसा चालतो, तो एकाला साधला आणि दुसऱ्याला का साधला नाही, आणि त्यापासून जपायचे ते कसे, यांपैकी काहीच वाचकाला नीट कळत नाही.

प्रथम इतिहास पाहू. १७४० च्या दशकात युरोपात काचेचा गोळा चाकाने फिरवून, त्यावर कोरडा तळहात धरून वीज निर्माण करण्याची यंत्रे प्रचारात आली होती. गोळ्यावरची वीज रेशमी दोऱ्यांनी टांगलेल्या लोखंडी नळीत, बहुधा बंदुकीच्या नळीत, उतरवून घेत आणि त्या नळीतून ठिणग्या काढून दाखवत. पण यंत्र थांबले की थोड्याच वेळात सगळे ओसरून जाई. वीज साठवून ठेवायची, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची, ही कल्पना कोणाला सुचली असली तरी तिच्यासाठी साधन नव्हते.

ते साधन सर्वांत आधी सापडले पोमेरेनियातील कामिन या गावी, तिथल्या कॅथीड्रलचे डीन एवाल्ड गेऑर्ग फॉन क्लाइस्ट यांना, ११ ऑक्टोबर १७४५ रोजी. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. क्लाइस्ट यांनी औषधाची छोटी बाटली घेतली, तिच्यात खिळा घातला आणि खिळा यंत्राला लावून बाटली भारित केली. त्यांनी केलेले वर्णन बारकाईचे आहे. बाटली अगदी कोरडी किंवा गरम असावी, बोटाला खडूची पूड लावून ती आधी पुसून घ्यावी, आत थोडा पारा किंवा मद्यार्काचे काही थेंब असतील तर प्रयोग अधिक चांगला साधतो, असे ते सांगतात. यंत्रापासून दूर केल्यावरही खिळ्याच्या टोकाला प्रकाशाचा झोत दिसत राहिला आणि ती बाटली हातात घेऊन ते खोलीत साठहून अधिक पावले चालले. दुसऱ्या हाताचे बोट खिळ्याजवळ नेताच मात्र दंड आणि खांदे बधिर होतील असा धक्का त्यांना बसला.

४ नोव्हेंबर १७४५ रोजी क्लाइस्ट यांनी बर्लिनमधील लीबरक्यून यांना याविषयी पत्र लिहिले आणि इतर विद्वानांनाही कळवले. पत्रे वाचून अनेकांनी प्रयोग करून पाहिला, पण तो साधेना. बाटली तशीच, खिळा तसाच, यंत्र बहुधा क्लाइस्ट यांच्यापेक्षा चांगले, आणि तरी धक्का बसत नव्हता. कारण बाटली हातात धरणे हा या प्रयोगाचा प्राण आहे, हे त्या पत्रांवरून कोणाला उमगले नाही. त्या काळी विजेचे प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला एक नियम पाठ असे. फ्रान्समधील चार्ल्स द्यूफे यांनी १७३० च्या दशकात घालून दिलेला हा नियम असा, की ज्या वस्तूला विद्युतभारित करायचे ती काच, राळ, मेण अशा विसंवाहकाच्या जाड बैठकीवर ठेवावी, म्हणजे वीज जमिनीत निसटणार नाही. एकट्या वस्तूला भारित करायचे तर हा नियम अगदी बरोबर आहे. त्यामुळे शिकलेसवरलेले प्रयोगकर्ते बाटली विसंवाहक बैठकीवर ठेवत आणि नेमक्या त्याच सावधगिरीमुळे त्यांच्या हाती काही लागत नसे.

हॉलंडमधील लायडन येथेही असेच घडले. पीटर फान मुशेनब्रूक हे तिथल्या विद्यापीठातील नामांकित प्राध्यापक होते आणि पाण्यात वीज उतरवण्याचे प्रयोग त्यांच्या प्रयोगशाळेत चालू होते. तिथे येणारे आंद्रेआस क्यूनेअस हे व्यवसायाने वकील. त्यांनी तोच प्रयोग स्वतः करून पाहताना पाण्याची काचपात्रे ठेवायची ती बैठक वापरली नाही, पात्र सरळ हातात धरले, आणि दुसऱ्या हाताने वरच्या धातूला स्पर्श करताच त्यांना जबर धक्का बसला. मग मुशेनब्रूक यांनी तो प्रयोग स्वतः केला आणि जानेवारी १७४६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील रेओम्यूर यांना लॅटिनमध्ये पत्र लिहिले. एक नवा पण भयंकर प्रयोग सांगतो, तो तुम्ही स्वतः मात्र करू नका, असा त्या पत्राचा सूर आहे. उजव्या हातात पात्र धरून डाव्या हाताने नळीतून ठिणगी काढायला गेलो, तो वीज अंगावर कोसळावी तसे सगळे शरीर हादरले, असे त्यांनी लिहिले आहे.

याच पत्रात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे आणि माझ्या मते ते त्या हादऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. काचपात्र लाकडी टेबलावरच्या धातूच्या बैठकीवर ठेवले आणि एका हाताने त्या धातूला नुसते बोट लावून दुसऱ्या हाताने ठिणगी काढली, तरी धक्का तेवढाच बसतो, असे ते सांगतात. म्हणजे हाताची जागा धातू घेऊ शकतो, मात्र काचेच्या बाहेरच्या अंगाला वाहकाचा स्पर्श असलाच पाहिजे. मुशेनब्रूक यांचे पत्र वाचून पॅरिसमध्ये तो प्रयोग लगेच साधला, आणि क्लाइस्ट यांचे पत्र वाचून महिनोन्महिने साधला नाही, याचे कारण मला या एका निरीक्षणात दिसते. अकादमीत ते पत्र फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ नोले यांनी वाचून दाखवले आणि या साधनाला लायडनचे नाव जोडले, ते कायमचे. शोधाचा मान द्यायचा तर तो क्लाइस्ट आणि क्यूनेअस या दोघांना आधी दिला पाहिजे. मुशेनब्रूक यांचा मान वेगळा आहे, आणि तोही लहान नाही: दुसऱ्याला करून पाहता येईल असे वर्णन त्यांनी केले. विज्ञानात हे काम शोधाइतकेच महत्त्वाचे असते, असे मी मानतो.

आता पाण्याकडे येतो. आपल्या लेखात पाण्यात वीज साठते असे म्हटले आहे, आणि तेव्हाच्या लोकांनाही प्रथम तसेच वाटले होते. पण लंडनमध्ये विल्यम वॉटसन आणि जॉन बेविस यांनी १७४७ च्या सुमारास हे पात्र तपासायला घेतले, तेव्हा पाण्याचे प्रमाण नव्हे, तर काचेचा किती भाग आतून आणि बाहेरून वाहकाने झाकला आहे यावर धक्क्याची तीव्रता ठरते, असे दिसून आले. मग हाताच्या जागी बाहेरून कथिलाचा पातळ पत्रा आला आणि पाण्याच्या जागी आतूनही तसाच पत्रा आला. बेविस यांनी तर बाटलीही बाजूला ठेवली. काचेच्या सपाट तावदानाला दोन्ही अंगांनी धातूचा पत्रा चिकटवला, कडेची थोडी पट्टी मोकळी सोडली, आणि तावदानानेही बाटलीसारखाच धक्का दिला. दोन वाहक, मध्ये पातळ विसंवाहक: आज ज्याला आपण धारित्र (कपॅसिटर) म्हणतो ते या तावदानात पूर्ण उघडे झाले होते.

असे का होते, हे सर्वांत स्वच्छपणे सांगितले फिलाडेल्फियात बसलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी. लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांना १७४७ पासून त्यांनी जी पत्रे लिहिली, त्यांत या बाटलीचा उलगडा आहे. बाटलीच्या आत जितकी वीज जादा होते तितकीच बाहेरच्या अंगाची कमी होते, असे त्यांनी सांगितले. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे, आणि दोन्ही सारखे. बाटली मेणाच्या बैठकीवर ठेवली आणि बाहेरून कशाचाही स्पर्श नसला, तर बाहेरची वीज निघून जायला वाट नसते, म्हणून आतही ती भरता येत नाही. क्लाइस्ट यांची पत्रे वाचणाऱ्यांना अपयश का आले, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. हात म्हणजे नुसती पकड नव्हती. तो बाहेरचा पत्रा होता आणि अंगातून, पायांतून, जमिनीपर्यंतची वाटही होता.

फ्रँकलिन यांचा एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. त्यांनी बाटलीच्या बाहेरच्या शिशाच्या पत्र्याला एक तार जोडून ती बाटलीच्या तोंडाच्या उंचीपर्यंत वर वळवली. आतल्या तारेचे टोक आणि या तारेचे टोक यांच्या मध्ये रेशमी दोऱ्याने बुचाचा छोटा गोळा टांगला. गोळा एका टोकाला शिवतो, दूर ढकलला जातो, दुसऱ्या टोकाकडे खेचला जातो, पुन्हा परत येतो. आणि बाटली रिकामी होईपर्यंत त्याची ही ये-जा चालू राहते. दर फेरीत तो आतल्या बाजूची थोडी वीज बाहेर पोहोचवत असतो. वर्गात हा प्रयोग दाखवला की अधिक आणि उणे या गोष्टी फळ्यावर लिहून समजावण्याची गरज उरत नाही.

दुसरा त्यांचा प्रयोग पाण्याच्या समजुतीचा निकाल लावतो. भारित बाटलीतले पाणी त्यांनी दुसऱ्या बाटलीत ओतले. त्या दुसऱ्या बाटलीने धक्का दिला नाही. मग मूळ बाटलीत चहाच्या किटलीतले साधे पाणी भरले, आणि त्या बाटलीने धक्का दिला. यावरून फ्रँकलिन यांनी वीज काचेतच असते असा निष्कर्ष काढला, आणि सुटे करता येणारे भाग असलेला लायडन जार घेऊन हाच निष्कर्ष आजही अनेक महाविद्यालयांत शिकवला जातो. धातूचा आतला पेला काढायचा, काच काढायची, बाहेरचा पेला काढायचा, दोन्ही पेले हाताने चाचपून रिकामे करायचे, पुन्हा सगळे जुळवायचे आणि ठिणगी काढून दाखवायची. प्रयोग खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अपुरा आहे. धातूचे पेले काचेपासून दूर होताना त्यांच्यातले विभवांतर (व्होल्टेज) झपाट्याने वाढते आणि त्यांच्यावरचा प्रभार काचेच्या पृष्ठभागावर, तिथल्या दमट थरावर, उडून बसतो. काचेऐवजी कोरडे पॅराफिन मेण वापरले की प्रभार धातूवरच राहतो, हे ॲडेनब्रुक यांनी १९२२ मध्ये दाखवले. जुळवलेल्या जारमध्ये प्रभार असतो तो काचेला चिकटलेल्या धातूच्या अंगावर. ऊर्जा असते ती काचेत ताणल्या गेलेल्या विद्युत क्षेत्रात. लेखात हे सगळे यावे असे मी म्हणणार नाही, परंतु पाण्यात वीज साठते हे वाक्य तरी जाऊ नये. एकदा छापलेले वाक्य पुढे वर्षानुवर्षे प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर उतरत राहते.

बॅटरीविषयी एवढेच सांगतो. फ्रँकलिन यांनीच १७४९ मध्ये काचेची अकरा तावदाने शिशाच्या पत्र्यांसह एकापुढे एक लावून त्या जोडणीला विद्युत बॅटरी म्हटले, त्यामुळे त्या शब्दाचा उगम इथे दाखवता येतो. पण काम पूर्ण वेगळे आहे. साधारण आकाराच्या लायडन जारची धारकता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, एक नॅनोफॅरडच्या आसपास असते. तो वीस हजार व्होल्टपर्यंत भरला तरी त्यात फक्त ०.२ ज्यूल ऊर्जा मावते. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलमध्ये दहा हजार ज्यूलच्या घरात ऊर्जा असते, आणि तिथे रासायनिक क्रियेतून वीज सतत तयार होत राहते. लायडन जारमध्ये काहीच तयार होत नाही; यंत्राने दिले तेवढेच तो धरून ठेवतो आणि सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात सगळे सोडून देतो. एवढ्याशा ऊर्जेने माणूस कळवळतो तो या घाईमुळे. रसायनातून सतत वीज देणारी पहिली बॅटरी म्हणजे अलेस्सांद्रो व्होल्टा यांची १८०० सालची रचना, आणि तिचा मान तिलाच असू द्यावा. जाता जाता एक आवर्जून सांगावेसे वाटते. ब्रिटिश नौदलाच्या बिनतारी विभागात पुढे कित्येक वर्षे धारकता ‘जार’ याच एककात मोजत असत, आणि एक जार म्हणजे सुमारे १.१ नॅनोफॅरड.

स्थिर विजेची यानंतरची साधनेही हाताविना चालली नाहीत. योहान कार्ल विल्के यांनी १७६२ मध्ये आणि व्होल्टा यांनी १७७५ मध्ये सिद्ध केलेल्या विद्युतधर यंत्रात राळ-लाखेची वडी घासून भारित करतात, तिच्यावर विसंवाहक मुठीची धातूची तबकडी ठेवतात, तबकडीला क्षणभर बोट लावतात आणि मग ती उचलतात. बोट लावले नाही तर उचललेली तबकडी रिकामी येते. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७० च्या दशकात निरनिराळ्या काचांच्या धारकता मोजल्या, आणि त्या काळातल्या त्यांच्या विजेच्या प्रयोगांत मापनयंत्राचे काम पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या शरीराने केले; दोन धक्क्यांतला कोणता मोठा, हे ते अंगावर घेऊन ठरवत. त्यांची ही टिपणे मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर त्यांतले बरेच काही इतरांनी नव्याने शोधलेले होते. नोले यांनी व्हर्सायला राजा पंधरावा लुई याच्यासमोर १८० रक्षकांना हातात हात देऊन उभे केले आणि एका जारने सगळ्यांना एकदम उडी मारायला लावले, हा किस्सा आपल्या लेखात आहेच. पॅरिसमधील मठात तर दोनशेच्या आसपास साधूंना लोखंडी तारांनी जोडून मैलाहून लांब रांग केली होती. ही नुसती करमणूक नव्हती. ज्या वाटेने धक्का जातो ती वाट बंद वर्तुळाची असावी लागते, हे त्या रांगांनी लोकांच्या अंगी उतरवले.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतले, त्या घरगुती कृतीकडे वळतो. लेखात प्लॅस्टिकची बाटली, ॲल्युमिनियमची फॉइल, मिठाचे पाणी आणि खिळा घेऊन जार बनवायला सांगितले आहे. तेवढे ठीक आहे. पण प्रभार कुठून घ्यायचा, यासाठी जुन्या टीव्हीचा पडदा किंवा डास मारायची रॅकेट सुचवली आहे, आणि भरलेला जार रिकामा कसा करायचा याविषयी एक अक्षर नाही. जुना, जाड पाठीचा टीव्ही हा स्वतःच एक मोठा लायडन जार आहे, हे लेखकांच्या ध्यानात आले नसावे. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेला आतून वाहक लेप असतो, बाहेरून काळा ग्रॅफाइटचा लेप असतो, आणि रंगीत टीव्हीत या दोन लेपांमध्ये वीस ते पंचवीस हजार व्होल्ट असतात. टीव्ही बंद करून प्लग काढल्यावरही तो प्रभार तिथेच बसून राहू शकतो. म्हणूनच जाणता टीव्ही मेकॅनिक मागचे झाकण उघडले की आधी एक वायर बाहेरच्या लेपावरून जाणाऱ्या जाळीदार अर्थिंगला अडकवतो, तिचे दुसरे टोक विसंवाहक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरला जोडतो, आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली त्याचे टोक सरकवून ‘चट्’ असा आवाज ऐकल्यावरच पुढे हात घालतो. काही मिनिटांनी तो हेच पुन्हा करतो, कारण काचेत मुरलेला थोडा प्रभार मागाहून परत वर येतो. अठराव्या शतकातल्या प्रयोगकर्त्यांना आपल्या बाटल्यांतून ठिणगी काढल्यावर थोड्या वेळाने मिळणारी दुसरी, लहान ठिणगी ती हीच. मुलांना टीव्हीजवळ जायला सांगणे म्हणूनच योग्य नाही. रॅकेट उघडून तिच्या तारांना बाटली जोडणेही नको. तिच्या आतही एक छोटे धारित्र असतेच आणि बटण सोडल्यावरही ते काही काळ भरलेले राहू शकते.

फ्रँकलिन यांच्याइतक्या जाणत्या माणसाचीही एकदा गफलत झाली होती. २३ डिसेंबर १७५० रोजी दोन मोठ्या जारमध्ये साठवलेल्या विजेने टर्की पक्षी मारून दाखवण्याच्या तयारीत असताना, एक हात वरच्या तारांना आणि दुसरा बाहेरच्या पत्र्यांना जोडलेल्या साखळीला लागून सगळा धक्का त्यांच्याच शरीरातून गेला. त्या दोन जारमध्ये चाळीस साध्या बाटल्यांइतकी वीज होती, असे त्यांनी दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. ते शुद्ध हरपून बसले आणि छातीत पुढे काही दिवस दुखत राहिले. एक छोटी बाटली आणि जोडलेल्या अनेक बाटल्या यांत किती फरक पडतो, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. म्हणून घरगुती कृती छापायची तर पुढील गोष्टी तिच्यासोबत छापाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाटली एकच घ्यावी आणि ती लहान असावी. दोन-तीन बाटल्या एकमेकींना जोडू नयेत. फॉइल खालच्या अर्ध्या भागालाच गुंडाळावी आणि मानेकडचा भाग मोकळा, कोरडा ठेवावा. जुन्या जारच्या मानेला लाखेचे रोगण देत ते यासाठीच, की दमट हवेत काचेवर पाण्याचा जो पातळ थर बसतो त्यातून आतली वीज बाहेर झिरपू नये. प्रभार देण्यासाठी पीव्हीसीचा पाइप लोकरीच्या कापडाने घासून खिळ्याच्या टोकावरून फिरवावा; तेवढा प्रभार पुरतो. बाटली रिकामी करताना बोटाऐवजी प्लॅस्टिकच्या मुठीची वाकवलेली तार वापरावी, आणि ती तार आधी फॉइलला टेकवून मग खिळ्याजवळ न्यावी. ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसवला आहे त्यांना या प्रयोगापासून दूर ठेवावे. आणि प्रयोग करायचा तर हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत करावा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हाच प्रयोग कितीही वेळा केला तरी फसतो, आणि मुले विज्ञानावरच रुसून बसतात.

या कृतीत मी एक भर सुचवतो, कारण तिच्यामुळे क्लाइस्ट आणि मुशेनब्रूक यांची सगळी हकीकत पाच मिनिटांत डोळ्यांसमोर उभी राहते. तीच बाटली आधी थर्माकोलच्या जाड तुकड्यावर ठेवावी, फॉइलला कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये, आणि पाइप ठरावीक वेळा घासून खिळ्यावरून फिरवावा. मग जुन्या टेस्टरमधून काढलेल्या छोट्या निऑन दिव्याचे एक टोक फॉइलला आणि दुसरे खिळ्याला टेकवावे. दिवा जेमतेम चमकतो, कधी चमकतही नाही. नंतर बाटली फॉइलपाशी हातात धरून, पाइप तितक्याच वेळा फिरवून, तोच दिवा तसाच लावावा. अंधाऱ्या खोलीत तो नारिंगी लखलखाट नजरेतून सुटत नाही. काय बदलले, एवढाच प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर त्यांना शोधू द्यावे.

ज्या महाविद्यालयांत चाक फिरवून स्थिर वीज निर्माण करणारी जुनी विमशर्स्ट यंत्रे अजून कपाटात आहेत, त्यांनी ती शाळांच्या मुलांना दाखवावीत, असेही मी यानिमित्ताने सुचवतो. जेम्स विमशर्स्ट यांनी १८८० च्या दशकात सिद्ध केलेल्या या यंत्राला दोन लहान लायडन जार जोडलेले असतात. जार काढून चाक फिरवले तर पितळी गोळ्यांमध्ये बारीक, जांभळ्या ठिणग्यांची सरसर चालू राहते. जार जोडले की तसे होत नाही. चाक बराच वेळ फिरत राहते, काहीच घडत नाही, आणि मग एकदम पांढरी, जाड ठिणगी कडाडून पडते. साठवणे म्हणजे काय, ते या मधल्या शांततेत ऐकू येते. अशा यंत्रांतल्या काचेच्या तबकड्या आणि पितळी कुंच्या साफ करून ती पुन्हा चालू करणे फारसे खर्चाचे काम नाही. मी स्वतः ते केले आहे, आणि कोणत्याही शाळेला किंवा महाविद्यालयाला त्यात मदत हवी असेल तर ती मी आनंदाने करीन.

आपल्या पुरवणीच्या पुढील अंकात पाण्याविषयीचे विधान दुरुस्त करावे, क्लाइस्ट आणि क्यूनेअस यांची नावे द्यावीत, आणि मुलांसाठीच्या कृतीतून टीव्ही व रॅकेट वगळून वरील सूचना ठळक चौकटीत छापाव्यात, ही विनंती. शाळांची विज्ञान प्रदर्शने आता जवळ आली आहेत आणि अनेक मुलांनी तो लेख कापून ठेवला असणार, म्हणून हे शक्य तितक्या लवकर व्हावे.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
सातारा